ओढा ते पूल, वाजवू नये

कर्जतहून खालापूरकडे निघालं की वाटेत पळसपेठ नावाचं एक छोटं बाजारगाव लागे. गावाच्या अलीकडे ओढा, पलीकडे नदीवरचा पूल, आणि या दोहोंच्या मधोमध, अगदी रस्त्याला लागून, तात्यासाहेब खारकरांचा कौलारू बंगला. एकोणीसशे सत्तावीस सालच्या आगेमागे या गावात आवाज करायला परवाना लागत असे, आणि तो परवाना लिहून देण्याचं काम हरिभाऊ ताम्हाण्यांकडे होतं.

हरिभाऊ गावकमिटीचे कारकून. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं, पण बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला "काय म्हणालात?" असं विचारावंच लागे. आणि तसं कुणी विचारलं की हरिभाऊंना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. मग ते आणखी हळू बोलत. त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, या हळू बोलण्याची पुरती सवय झाली होती. त्या नवऱ्याच्या ओठांकडे बघूनच उत्तर देत, आणि ते उत्तर मात्र शेजारच्या तीन घरांना ऐकू जाई. अशा माणसाच्या हाती गावाचा आवाज सोपवावा, ही कल्पना तात्यासाहेबांची.

तात्यासाहेब निवृत्त मामलेदार. पेन्शन घेऊन गावी आले, बंगला बांधला, आणि आपल्या उभ्या चाकरीवर आर्या रचायला बसले. खानदेशातला दुष्काळ, कुलाब्यातली मोजणी, एका कलेक्टराचा घोडा कसा बुजला, हे सगळं वृत्तात यायचं होतं. पण बंगल्याच्या मागच्या अंगाला तांबट आळी. तात्यासाहेबांनी बोटांवर मात्रा मोजायला घ्याव्यात, आणि तांबटाच्या हातोड्यानं आपल्याच मात्रा मोजायला लागावं, असं रोज व्हायला लागलं. एकदा मोठ्या खटपटीनं एक आर्या पुरी झाली. त्यांनी ती द्वारकाबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "छान आहे. पण हंड्यावर ठोकल्यासारखी वाटते."

तात्यासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्याच बैठकीत कमिटीचे अध्यक्ष या नात्यानं त्यांनी ठराव मांडला: गावच्या हद्दीत वाद्य वाजवणे, ठोकाठोक, फोडाफोड, बांधकाम, यांपैकी काहीही करायचं तर आधी लेखी परवाना घ्यावा. सभासदांत एक आजोबा कानानं ठार बहिरे होते. त्यांनीच सगळ्यांत आधी हात वर केला.

झालं. हरिभाऊंच्या चावडीतल्या टेबलासमोर रांग लागली. तांबट आला आणि म्हणाला, हंड्याला वेगळा परवाना आणि कळशीला वेगळा, की सगळ्या भांड्यांना मिळून एक? गोठ्याचं छप्पर घालणारा सुतार आला. त्याला दुपारच्या वेळी ठोकायची मनाई झाली होती, आणि सकाळी तो दुसऱ्याच्या शेतावर जात असे. कुंभाराला विचारायचं होतं, गाढव ओरडलं तर जबाबदारी कुणाची. हरिभाऊ सगळ्यांचं निमूट ऐकून घेत आणि वहाणा पायात सरकवून तात्यासाहेबांकडे विचारायला जात. घरी आले की अनसूयाबाईंचा प्रश्न तयार असे.

"मी उखळात भात कांडायला बसले तर अर्ज कुणाच्या नावानं करू? घरधन्याच्या, की मुसळाच्या?"

"घरातलं चालतं," हरिभाऊ पुटपुटत.

"बरं झालं सांगितलंत. मी आपली मुसळाला फडकं गुंडाळून बसले होते."

तात्यासाहेब मात्र नियमाला पक्के, हे मान्य करावंच लागेल. त्यांच्या स्वतःच्या परसातल्या विहिरीला उन्हाळ्यात खडक लागला आणि पाथरवट बोलवावे लागले. तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, 'मेहेरबान अध्यक्षसाहेब' असा मायना घातला, आणि हरिभाऊंच्या हाती दिला. मग पगडी चढवून ते स्वतः चावडीत आले, खुर्चीवर बसले, आणि अर्ज वाचून म्हणाले, "काम किती दिवस चालणार ते अर्जदारानं लिहिलेलं नाही. परत पाठवा." हरिभाऊंनी अर्ज परत बंगल्यावर नेला. तोवर तात्यासाहेबही घरी पोचले होते. अर्ज परत आलेला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. "बघा," ते द्वारकाबाईंना म्हणाले, "कमिटीत वशिला चालत नाही." विहिरीचा खडक चार दिवस तसाच राहिला आणि बाईंना पाणी दुसऱ्यांच्या विहिरीवरून आणवावं लागलं.

तर अशा दिवसांत, वैशाखात, लडकू चावडीत आला.

लडकू हा डोंगरपायथ्याच्या करवंदवाडीचा, ठाकूर जमातीतला. पंचक्रोशीत ढोल वाजवावा तर त्यानंच. बरोबर बुधी होती, काटक बांध्याची, कपाळभर गोंदलेली बाई. तिचा भाचा पदू याचं लग्न ठरलं होतं. पदूची आई तो रांगता असताना गेली, तेव्हापासून या आत्यानंच त्याला वाढवलेलं. नवरी आवडी नदीपलीकडच्या वाडीतली. तिच्या दारी वऱ्हाड न्यायचं तर पूल ओलांडावा लागणार, आणि पुलाची वाट पळसपेठेच्या बाजारातून, म्हणजे तात्यासाहेबांच्या फाटकावरून जाणार.

हरिभाऊंनी त्यांचा अर्ज स्वतःच लिहिला आणि बंगल्यावर नेला. तात्यासाहेबांनी विचार केला. लग्नाला नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं. पण आर्यांमध्ये तेव्हा कलेक्टराचा घोडा नुकताच बुजायला लागला होता. त्यांनी एक अट घातली: ओढ्यापासून पुलापर्यंत वाजवू नये.

हरिभाऊंनी चावडीत येऊन अट वाचून दाखवली. लडकूनं डोकं खाजवलं.

"वाजवू नये म्हंजे ढोल नाय वाजवायचा."

"हं."

"पिपाणी?"

"पिपाणीही नको."

"बायांची गाणी तर चालतील ना? बाया धवळे म्हनतात वाटंनं. ते काय वाजवनं न्हवं."

धवळे म्हणजे लग्नातली गाणी, ती बायका एकसुरात म्हणत चालतात आणि त्यांचा सूर पार डोंगरापर्यंत जातो. हरिभाऊंच्या डोळ्यांसमोर तात्यासाहेबांचा चेहरा आला. "नकोत," ते म्हणाले.

"आन पोरं रडली तं?" बुधीनं विचारलं.

"रडू देऊ नका."

"पायातले वाळे वाजत्यात, भाऊ."

हरिभाऊंनी कागद खाली ठेवला. एखादी गोष्ट चालेल म्हणावं आणि मागाहून ती चालत नव्हती असं निघावं, याची त्यांना फार भीती. म्हणून त्यांनी सगळ्याच वाटा बंद करून टाकल्या. "हे बघा, आवाजच नको. काही म्हणजे काहीही नको. पुलापलीकडे गेलात की हवं तेवढं वाजवा."

आणि पुढे कटकट नको म्हणून वाडीत ज्याला ज्याला वाद्य हातात धरता येतं, त्या प्रत्येकाचा अंगठा त्यांनी परवान्यावर घेतला. तशी वाडीतली झाडून सगळी पुरुषमाणसं निघाली. कागदावर लिहिलेल्यापेक्षा अंगठेच जास्त दिसायला लागले.

लग्नाच्या दिवशी ऊन कलल्यावर हरिभाऊ ओढ्यापाशी येऊन उभे राहिले. अट पाळली जाते की नाही हे जातीनं बघा, असं त्यांना वरून सांगणं होतं. लांबून ढोल ऐकू येत होता. लडकूचा ढोल म्हणजे नुसता दणदणाट नव्हे. तो ऐकून हरिभाऊंचा उजवा पाय धोतराआड जरासा हलला, आणि त्यांनी तो लगेच आवरला. वऱ्हाड वळणावर दिसायला लागलं. पुढे लडकू, मागे हळदीनं पिवळा झालेला पदू, डोक्याला बाशिंग, त्याच्या खांद्यावर हात ठेवलेली बुधी, आणि मागे सगळी वाडी, बायांच्या कंठातून धवळे वाहतायत.

ओढ्याच्या काठावर लडकूनं हात वर केला आणि सगळं एकदम थांबलं.

पुढे जे झालं ते हरिभाऊंनी कधी मनातही आणलं नव्हतं. बाया खाली बसल्या आणि त्यांनी वाळ्यांत चिंध्या कोंबल्या. लेकरांच्या तोंडात गुळाचे खडे गेले. आहेरात द्यायची एक शेळी होती. तिच्या गळ्यातल्या घंटेत कुणी गवत भरलं आणि शेळीच्याही तोंडाला घासभर पाला दिला. लग्नाची मोठी भांडी चार गडी बांबूला बांधून खांद्यावर नेत होते. ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांत पेंढा घातला आणि वरून पांढरं धोतर घट्ट गुंडाळलं. लडकूनं ढोल पाठीला बांधला. मग बुधीनं सगळ्यांकडे एकवार डोळे फिरवून बघितलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि वऱ्हाड ओढा ओलांडून बाजारात शिरलं.

सगळे माना खाली घालून चालले होते, पायांखाली काटकी मोडू नये म्हणून. हरिभाऊ कडेकडेनं चालत होते, आणि का कोण जाणे, तेही चवड्यांवर चालत होते.

बाजारातल्या लोकांनी मघाशी ढोल ऐकला होता. तो मध्येच बंद पडला म्हणून त्यांनी कान टवकारले. आणि आता वळणावरून ही माणसं आली. मुकी, खाली बघणारी, आणि मध्ये चौघांच्या खांद्यावर बांबूला बांधलेलं, पांढऱ्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. पहिला दुकानदार उठून उभा राहिला. दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं दुकानाची एक फळी लावून घेतली, प्रेत जाताना लावतात तशी. बघता बघता सगळा बाजार हात जोडून उभा. पदूचं बाशिंग पुढच्या माणसांच्या डोक्यांआड गेलेलं, ते कुणाला दिसलं नाही.

तात्यासाहेबांच्या फाटकासमोर तेलवाल्याचं दुकान होतं. म्हातारबुवांना डोळ्यांनी कमी दिसे. त्यांनी हात जोडले, वऱ्हाड अगदी जवळ येऊ दिलं, आणि हळहळत्या आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

एरवी बाजारात हा प्रश्न कुणाच्या कानावरही पडला नसता. पण त्या शांततेत तो ओढ्यापासून पुलापर्यंत ऐकू गेला.

बुधी जागच्या जागी थांबली. तिनं तेलवाल्याकडे बघितलं, हात जोडलेल्या लोकांकडे बघितलं, लावलेल्या फळ्यांकडे बघितलं. मग ती रस्त्याच्या मधोमध, तात्यासाहेबांच्या फाटकापुढे, मांडी घालून बसली.

"कोन गेलं इचारतात!" तिचा आवाज फुटला. "माज्या पदूच्या लग्नात इचारतात, कोन गेलं! हळद लागलीया रं त्याच्या आंगाला, दिसत नाय का तुमाला? आता मी हितनं हलनार नाय. हितं वंगाळ शब्द पडला, हितंच ढोल वाजला पायजे. वाजल्याबिगर पोराला पुढं नेनार नाय."

बाया तिच्याभोवती बसल्या. भांड्यांचा बांबू खाली उतरला. शेळीनं पाला गिळला आणि ओरडली. पदू बिचारा बाशिंग सावरत उभाच राहिला, कुणाकडे बघावं हे न कळून. काही म्हणजे काहीही नको, हे शब्द हरिभाऊंचे होते. कागदावर तर फक्त 'वाजवू नये' एवढंच होतं.

एवढ्यात फाटक वाजलं. तात्यासाहेब बाहेर आले. झोपाळ्यावर बसून ते मघापासून आवाजाची वाट बघत होते, आणि आवाज येत नाही म्हणून त्यांना एक अक्षरही सुचलं नव्हतं.

"काय गडबड आहे?" त्यांनी विचारलं.

"गडबड नाय सायेब," बुधी बसल्या जागेवरून म्हणाली. "गडबड नाय, हीच तं गडबड हाय."

हरिभाऊंनी पुढे होऊन झालं ते सांगितलं. तात्यासाहेब म्हणाले, "काय म्हणालात?" हरिभाऊंनी पुन्हा सांगितलं. तात्यासाहेबांनी घसा साफ केला. "वाईट झालं. पण नियम नियम आहे. अटीत बदल हवा असेल तर अर्ज आधी यायला हवा होता."

आता त्यांच्या मागून द्वारकाबाई बाहेर आल्या. हातात हळदकुंकवाचं तबक होतं.

"अहो, कसला अर्ज घेऊन बसलात?" त्या म्हणाल्या. "शब्द पडलाय तो आपल्या फाटकात पडलाय. वऱ्हाड बिनवाजता आपल्या दारावरून पुढे गेलं, तर तो शब्द कुणाच्या घरात राहील?"

हा मुद्दा तात्यासाहेबांच्या ध्यानात आला नव्हता. त्यांनी फाटकाकडे बघितलं, मग तेलवाल्याकडे बघितलं. तेलवाला दुकानात आणखी आत सरकला.

"ठीक आहे," तात्यासाहेब म्हणाले. "माझी परवानगी आहे. वाजवा."

सगळ्यांनी लडकूकडे बघितलं. लडकू हलला नाही.

"नाय सायेब."

"अरे, मी अध्यक्ष सांगतोय, वाजव."

"अंगठा दिलाय सायेब." लडकू शांतपणे बोलत होता. आवाजात ना राग, ना हट्ट. "माज्या बानं जंगलखात्याच्या कागदावर अंगठा दिला व्हता, साग तोडनार नाय म्हनून. मंग एक सायेब आला. म्हनला, माज्या तंबूला चार वासं तोडून आन, मी सांगतोय ना. बानं आनलं. तो सायेब गेला बदली होऊन. नवा आला, त्यानं कागद काढला. बा म्हनला, मला सांगितलं व्हतं. कोनी सांगितलं, कवा सांगितलं? पावसाळाभर बा तुरुंगात व्हता. तवापासून आमी कागदावर अंगठा दिला म्हंजे दिला. कागदानंच सुटला तं सुटला."

तात्यासाहेबांनी जन्मभर असे कागद पाहिले होते. ते एवढंच म्हणाले, "हरिभाऊ, कागद करून द्या."

"साहेब, शिक्का पेटीत आहे," हरिभाऊ म्हणाले. "आणि पेटीची किल्ली पाटलांकडे. पाटील कडावला गेलेत, उद्या येतील."

"मग दुसऱ्या कुणी वाजवा!"

पण वाडीतल्या प्रत्येक गड्याचा अंगठा त्या कागदावर. बाजारातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भर रस्त्यात, अध्यक्षांच्या समोर, ढोल गळ्यात घालणार कोण? सूर्य खाली सरकत होता. नदीपलीकडे आवडीच्या मांडवात माणसं वाट बघत असणार. पदूनं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आत्ये, चल ना." बुधीनं त्याचा हात धरला, पण उठली नाही. तिची नजर हरिभाऊंवर खिळली होती.

"तुजा अंगठा हाय का रं कागदावर?"

"माझा?" हरिभाऊ म्हणाले. "माझा नाही. माझी सही आहे. पण ती परवाना देणारा म्हणून."

"मंग तू वाजव."

कुणीतरी हसलं. हरिभाऊंच्या अंगावर कोट होता, डोक्यावर टोपी होती, आणि आयुष्यात त्यांनी दार सोडून दुसऱ्या कशावरही थाप मारलेली नव्हती. ते नाही म्हणणार होते. 'ना' ओठांवर आलाही होता. पण समोर पदू उभा होता. हळद वाळून त्याच्या गालांवर भेगा पडल्या होत्या, आणि तो त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू या माणसाच्या हातात काहीतरी खरंच आहे.

हरिभाऊंनी टोपी काढून तेलवाल्याच्या फळीवर ठेवली.

लडकूनं ढोल पाठीवरून सोडला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला. तो एवढा जड असेल असं हरिभाऊंना वाटलं नव्हतं. ते पुढे झुकले. एका हाती टिपरू, म्हणजे ढोल बडवायची काठी, दुसरा हात मोकळा. त्यांनी तात्यासाहेबांकडे बघायचं टाळलं आणि एक थाप मारली. ती अशी निघाली की कुणी चिखलात पाय घालावा. पोरं फिदीफिदी हसली. शेळीसुद्धा ओरडली.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यांवर बोटं पडली. लडकू मागे उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर बोटांनी ठेका धरत होता. उजव्या खांद्यावर दोन, डाव्यावर एक, पुन्हा उजव्यावर. त्या बोटांचा आवाज मुळीच नव्हता. कागद कसाही वाचला तरी त्यात अटीचा भंग सापडला नसता. हरिभाऊंनी डोळे मिटले आणि खांद्यावर पडेल तसं हातानं मारायला लागले. आधी हात मागे पडला, मग पुढे पळाला, मग कुठेतरी दोन्ही जुळलं आणि ढोल बोलला.

बुधी उठली.

द्वारकाबाईंनी पुढे होऊन तिला हळदकुंकू लावलं, पदूच्या कपाळाला बोट टेकवलं. बाया उठल्या, वाळ्यांतल्या चिंध्या ओढून काढल्या. कागदावर त्यांचे अंगठे तर नव्हतेच, हे कुणाला तरी आठवलं असावं, कारण त्यांनी जो सूर लावला तो थेट डोंगराला जाऊन भिडला. दुकानांच्या फळ्या पुन्हा उघडल्या. तेलवाला म्हातारा बाहेर येऊन ज्याला त्याला सांगत होता, "लग्न आहे हो, लग्न!"

असे हरिभाऊ ताम्हाणे, कमिटीचे कारकून, बोडक्या डोक्यानं, कोटावर ढोल घालून, मागे लडकूची बोटं आणि त्याच्या मागे अख्खी करवंदवाडी घेऊन, फाटकापासून पुलापर्यंत वाजवत गेले. पुलावर आल्यावर लडकू म्हणाला, "बस भाऊ, आता द्या." हरिभाऊंना ते ऐकूच गेलं नाही. पूल संपला, पलीकडची चढण लागली, तरी ते वाजवतच होते. शेवटी लडकूनं मागून त्यांचे दोन्ही हात धरले, तेव्हा कुठे थांबले. त्यांना धाप लागली होती आणि ते हसत होते.

"चला भाऊ मांडवात," बुधी म्हणाली. "जेवल्याबिगर जायाचं नाय."

रात्र पडल्यावर ते घरी आले. तळहात टम्म सुजले होते, कोटाला हळद लागली होती, आणि टोपी तेलवाल्याकडे राहिली ती राहिलीच. अनसूयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. बाजारातून नाही, ढोलच घरापर्यंत ऐकू आला होता.

"मला शेजारीण म्हणाली, तुमचे हे वाजवतायत," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, काहीतरीच काय! आमच्या ह्यांनी हाक मारली तर मांजरालाही ऐकू जात नाही."

"तुला ऐकू आलं?" हरिभाऊंनी विचारलं.

"आलं तर! पहिली थाप फार वाईट होती." मग त्यांनी नवऱ्याचे हात हातात घेऊन बघितले, तेल गरम करून आणलं, आणि चोळायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी त्यांना चावडीत बोलावलं. हरिभाऊ रात्रभर विचार करून आले होते. नियम त्यांनीच मोडला होता, विनापरवाना, भर बाजारात, अध्यक्षांच्या फाटकासमोर. कारकुनी जाणार, असंच त्यांनी धरलं होतं. आश्चर्य म्हणजे त्यांना त्याचं म्हणावं तेवढं वाईट वाटत नव्हतं.

तात्यासाहेब चष्मा पुसत होते. "मी काल रात्री नियम पुन्हा वाचला," ते म्हणाले. "नियमात 'वाद्य वाजवणे' असं म्हटलंय. तुम्ही काल जे केलंत ते मी स्वतः ऐकलं आहे. त्याला वाजवणं म्हणता येणार नाही. सबब परवान्याची गरज नव्हती, आणि कमिटीला त्याबद्दल काही म्हणायचं नाही."

हरिभाऊंनी नमस्कार केला. नोकरी वाचली होती. पण त्यांना जे लागलं ते भलतंच.

"साहेब," ते म्हणाले, आणि चावडीबाहेरच्या शिपायानंही ऐकावं इतक्या स्पष्टपणे म्हणाले, "मधला भाग बरा झाला होता."

तात्यासाहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मधला भाग," ते जरा विचार करून म्हणाले, "ठीक होता."

परवाने काही बंद झाले नाहीत. तांबट सकाळीच ठोकत राहिला, सुतारानं छप्पर कसंबसं पुरं केलं. लग्नाच्या परवान्यातली अट मात्र तात्यासाहेबांनी आपण होऊन सैल केली; द्वारकाबाईंनी त्या आठवड्यात त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं, त्याचा काही संबंध असेल तर असेल. पुढच्या माघात लडकू स्वतःच्या पुतणीच्या लग्नाचा अर्ज घेऊन आला. हरिभाऊंनी परवाना लिहिला आणि खुशीत सांगितलं, "या खेपेला अट नाही. ओढ्यापासून पुलापर्यंत तूच वाजव."

लडकूनं डोकं खाजवलं.

"अट राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "वाडीतल्या बाया इचारतात, त्यो कारकून येनार का म्हनून. बुधी तं म्हनते, त्यो नसंल तं मी येनार नाय."

हरिभाऊंनी टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "टिपरू तेच आणशील ना? मागच्या खेपेचं?"

"तेच आनतो," लडकू म्हणाला.